सावत्र रेषा

आमच्या वहिनीला पोहता येत नाही, आणि तिची अर्धी नोकरी पाण्यावर. मी शिकवतो म्हटलं तर म्हणते, "भाऊजी, बोट तुम्ही चालवता ना? ती बुडणार नाही एवढंच बघा, मग मला पोहायची गरज पडणार नाही."

कामावर तिला सगळे पुन्हाबाई म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठीमागे पुन्हाबाई. तलावात एखादी फेरी नीट मारून आलो, ऊन डोक्यावर आलं, पोटात कावळे ओरडायला लागले, की ही यंत्राच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणणार, "पुन्हा." घरीही तीच तऱ्हा. कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ओढून बघणार. गॅस बंद केला का, असं दादाला विचारणार, आणि दादाने हो म्हटलं की स्वतः जाऊन बघणार. दादा चिडतो. "मग मला विचारतेस कशाला?" ती म्हणते, "तुम्हाला आठवतंय का ते बघायला."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. तो त्याच तलावावर ड्रिलिंगच्या टोळीचा मुकादम आहे. म्हणजे एका घरातली तीन माणसं एकाच पाण्यावर पोट भरतात. कामावर मात्र नाती बंद. ती त्याला मुकादम म्हणते, तो तिला मॅडम म्हणतो, आणि टोळीतली माणसं तोंडाला रुमाल लावून हसतात. मी दोघांनाही काहीच म्हणत नाही. सुकाणू धरलं की तोंड बंद ठेवायचं, हे मी अनुभवाने शिकलोय.

आमचं काम सांगायला सोपं आहे. तलाव उथळ, जेमतेम दोन पुरुष पाणी, पण त्याच्या तळाशी हजारो वर्षांचा गाळ थरावर थर बसलाय. तो किती जाड, कुठे मऊ, कुठे टणक, हे वरूनच ओळखायचं. बोटीमागे एक छोटा तराफा ओढायचा. त्यावर एक धातूची थाळी असते, ती सारखी टक टक आवाज करते. तो आवाज पाण्यातून तळाशी जातो, गाळात शिरतो आणि प्रत्येक थरावर थोडा थोडा आपटून परत येतो. तराफ्यामागे रबराची लांब नळी तरंगत येते, तिला आम्ही शेपूट म्हणतो. तिच्यात पाण्यातले कान बसवलेले असतात. ते परत आलेले आवाज टिपतात आणि वहिनीच्या पडद्यावर रेषा उमटत जातात. वरची रेषा म्हणजे तलावाचा तळ, त्याखालच्या रेषा म्हणजे गाळाचे थर. मी बोट गोगलगायीच्या चालीने न्यायची. जरा घाई केली की इंजिनाची घरघर शेपटीत शिरते आणि रेषा फिसकटतात. मग पुन्हा.

उथळ पाण्याला एक खोड आहे. तळावर आपटून वर आलेला आवाज सगळाच शेपटीत जात नाही. त्यातला काही पाण्याच्या पृष्ठभागाला आतून धडकतो, परत खाली जातो, तळावर दुसऱ्यांदा आपटतो आणि मग वर येतो. यंत्राला वाटतं, उशिरा आला म्हणजे खोलातून आला. ते बापडं तळाच्या रेषेखाली आणखी एक रेषा काढतं, पाणी जितकं खोल तितक्याच अंतरावर. तिथे खरं तर काहीच नसतं. पाणी खोल असेल तर ही खोटी रेषा कुठेतरी लांब खाली पडते आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. उथळ तलावात मात्र ती नेमकी गाळाच्या थरांत येऊन ठाण मांडते. वहिनी खऱ्या थराच्या रेषेला सख्खी म्हणते आणि हिला सावत्र. जगातल्या सावत्र माणसांनी रागावू नये, ही आमची कामावरची भाषा आहे.

टोळीला तलावाच्या मधोमध भोक पाडून गाळाचे उभे नमुने काढायचे होते. त्यासाठी चार पायांचा एक लोखंडी मंच तरंगत न्यायचा, चारही पाय गाळात खाली सोडायचे, टणक थरावर टेकवायचे आणि मग मंच त्या पायांवर पाण्याच्या वर उचलायचा. पाय कुठे टेकवायचे ते वहिनीचा नकाशा सांगणार. मधोमध गाळ कुजून त्यात वायूचे बुडबुडे साठलेत. बुडबुड्यांतून आवाज पार होत नाही, म्हणून तिथे पडद्यावर नुसतं धुकं दिसतं. त्या धुक्याच्या वरच्या कडेला तिला एक जाड काळी रेषा दिसली. आधी तिने त्या रेषेवर मुळीच विश्वास ठेवला नाही. आडव्या फेऱ्या मारायला लावल्या, उभ्या मारायला लावल्या, आणि एवढ्याने समाधान झालं नाही म्हणून लांब सळई खुपसायला लावली. सळई मीच धरली होती. ती लोण्यात जावी तशी गाळात गेली आणि बरोबर त्या खोलीवर टक्क करून अडली. तेव्हा कुठे बाईसाहेबांनी सही केली, की इथे टणक थर आहे, पाय टेकवायला हरकत नाही.

पुढे मंच येईपर्यंत बरेच दिवस गेले. मधल्या काळात कालव्याच्या दुरुस्तीसाठी दरवाजे उघडले आणि तलाव कंबरभर उतरला. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. उलट टोळी खूश झाली, पाणी कमी म्हणजे काम सोपं.

मंच उभा राहिला त्या दिवशी आम्हाला पलीकडच्या काठाला काम होतं. वहिनीची सवय अशी, की नव्या जागी जायच्या आधी यंत्र एकदा ओळखीच्या जागेवरून फिरवून बघायचं. ओळखीची जागा म्हणजे मधला भाग. मंच सकाळीच तिथे उभा केला होता. दादा आणि त्याची चार माणसं वर नळ्या रचत होती. मी लांबूनच हात केला. मंचाच्या बाजूने आमची फेरी झाली तशी वहिनी म्हणाली, "पुन्हा."

मी बोट वळवून परत तीच फेरी मारली. या वेळी ती काहीच म्हणाली नाही. पुन्हाही म्हणाली नाही, बास असंही नाही. मी मान वळवून बघितलं तर तिच्या चेहऱ्यावरचं रक्त कोणी काढून घेतल्यासारखं झालं होतं.

"काय झालं, वहिनी?"

"काळी रेषा वर सरकलीय."

"म्हणजे थर वर आला?"

"थर कसा वर येईल, भाऊजी? थर जमिनीत आहे. पाणी उतरलं म्हणून रेषा वर आली. पाण्याबरोबर हलते ती सावत्र."

"पण सळई अडली होती की. मीच तर खुपसली."

तिने पडद्यावर बोट ठेवलं. काळी रेषा जिथे आधी होती तिथे आता केसाएवढी बारीक रेषा उरली होती. "ही सख्खी. शिंपल्यांचा पापुद्रा असणार. सळई अडायला तेवढा पुरे. सावत्र नेमकी हिच्याच अंगावर येऊन बसली होती, म्हणून दोघी मिळून जाड दिसल्या. मी त्याला टणक थर समजले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ह्यांना त्याच्यावर उभं केलं."

मी वेग वाढवला. शेपूट मागे आपटत होतं, तराफा उड्या मारत होता. एरवी एवढ्यावर तिने मला उभं सोललं असतं. आज तिचं तिकडे लक्षसुद्धा नव्हतं.

मंचावर जनरेटर धडधडत होता. फोन वर न्यायची बंदी, सगळे फोन खाली टोळीच्या होडीत, पेटीत. मी भोंगा दाबून धरला तेव्हा दादा कठड्याशी आला.

"काय मॅडम, वाट चुकलात?"

"अहो, खाली उतरा," वहिनी ओरडली. "सगळे खाली उतरा."

ते 'अहो' ऐकून वरची माणसं आधी हसली आणि मग एकेक गप्प झाली. इतक्या वर्षांत तिने पाण्यावर दादाला अहो म्हटलं नव्हतं.

टोळीतला सगळ्यात जुना ड्रिलर पुढे आला. त्याला सगळे मामा म्हणतात, खरा मामा तो कोणाचाच नाही. जिभेला हाड नाही अशी त्याची ख्याती. "बाई, घरचं भांडण घरी मिटवा ना. सकाळपासून ढिम्म हललेलं नाही हे."

"खाली पातळ पापुद्रा आहे," ती म्हणाली. "त्याच्याखाली नुसता गाळ."

"नकाशा तर तुमचाच," दादा म्हणाला.

"माझाच आहे. चुकलाय."

दादा माझा भाऊ असला तरी मी त्याची खोटी स्तुती करणार नाही. तो हट्टी आहे, तापट आहे, घरी कोणाचं ऐकत नाही. पण त्याच्या टोळीत एक नियम आहे, की कोणीही थांबा म्हटलं तर आधी थांबायचं, भांडण नंतर. त्याने जनरेटर बंद केला, माणसांना शिडीवरून आमच्या बोटीत उतरवलं आणि सगळ्यांत शेवटी स्वतः उतरला. उतरला तो वहिनीकडे पाठ करूनच बसला.

साहेब काठावरच्या ऑफिसात होते. ते आमच्या सर्वेक्षणाचे प्रमुख, माणूस वाईट नाही, पण कामाला आधीच उशीर झालेला आणि वरून रोज विचारणा. वहिनीने फोन स्पीकरवर ठेवला, म्हणजे टोळीलाही सगळं ऐकू यावं.

"मॅडम, तुमचाच नकाशा तुम्हाला पटत नाही, तर मी कोणाचा धरायचा?"

"आत्ता कोणाचाच नका धरू, साहेब. पायांवर भार टाकून बघायची चाचणी करायचीच होती. ती आत्ता करू. फक्त वर माणूस नको."

मंचाच्या चार कोपऱ्यांत टाक्या असतात. त्या पाण्याने भरायच्या, म्हणजे ड्रिलिंगपेक्षा जास्त वजन पायांवर पडतं आणि पाय पक्के टेकलेत का ते कळतं. एरवी माणसं वर थांबूनच ही चाचणी उरकतात. साहेबांनी थोडी कुरकुर केली आणि हो म्हटलं. आम्ही आमच्या पंपाचे पाइप टाक्यांत सोडले आणि सगळे बोटीत दाटीवाटीने बसून बघत राहिलो.

टाक्या अर्ध्या भरल्या. मंच उभा.

पाऊण भरल्या. मंच उभाच. मामाने तंबाखू मळायला घेतली आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "कोणाला बघायचं असेल तर बघा, उभंय." दुसऱ्या एकाला हसू आवरेना. दादाच्या मानेची शीर ताठ झाली. बायकोचं ऐकून भरल्या कामावरून टोळी खाली उतरवणारा मुकादम, ही गोष्ट आता वर्षभर पुरणार होती आणि ते त्याला कळत होतं.

मला खरं विचाराल तर त्या वेळी मलाही वाटलं, की वहिनीचं काहीतरी चुकतंय. एकदा चुकलेलं माणूस दुसऱ्यांदाही चुकू शकतं. मी हळूच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, पडेल?"

ती मंचाकडे बघत होती. "उभं राहू दे रे देवा, असं वाटतंय," ती म्हणाली. "मी वेडी ठरले तर बरंच आहे."

तेव्हा मला तिची गोची नीट कळली. मंच उभा राहिला तर ती उगाच बोंब मारणारी ठरणार. पडला तर पाच माणसांना मरणाच्या दारात उभं करणारी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि तिने मनापासून मागितलं होतं काय, तर स्वतःचं हसं.

टाक्या काठोकाठ भरल्या. पंप बंद केला. बराच वेळ गेला, मामाने दुसऱ्यांदा तंबाखू मळली, ऊन उतरणीला लागलं. मंच जिथल्या तिथे. फोनमधून साहेबांचा आवाज आला, "झाली ना चाचणी? मुकादम, वर जा, टाक्या मोकळ्या करा आणि कामाला लागा."

टाक्यांच्या तोट्या वर मंचावरच होत्या. हाताने सोडाव्या लागायच्या, म्हणजे कोणीतरी वर चढणं आलं. "मी जातो," दादा म्हणाला. "तुम्ही बसा."

"थांबा अजून," वहिनी म्हणाली.

"किती थांबायचं? दिवस मावळेपर्यंत?"

"अजून थोडं."

"घरी कुलूप ओढून बघतेस तसंच हे," दादा म्हणाला. मॅडम आणि तुम्ही दोन्ही विसरला. "तुझं मन कधी भरतच नाही." त्याने शिडीला हात घातला आणि एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

वहिनीने त्याला अडवलं नाही. ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, बोट मागे घ्या."

एका बाजूला थोरला भाऊ. लहानपणापासून त्याचा शब्द खाली पडू दिलेला नाही मी. दुसऱ्या बाजूला ही. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला भीती वाटली, खरीखुरी. मी बोट मागे घेतली. दादाचा एक पाय शिडीवर, एक बोटीत, मधलं पाणी रुंद होत चाललेलं. त्याने शिडी सोडली आणि धाडकन बोटीत मामाच्या मांडीवर पडला. मग त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्यांत आमच्या वडिलांचाही उद्धार झाला, म्हणजे त्याच्या स्वतःच्याही.

"बोट पुढे घे," तो म्हणाला.

"इंजिनात गवत अडकलंय," मी म्हणालो.

"या तलावात गवत कुठलं आलं?"

"काढतोय ना मी." आणि मी वाकून उगाच इंजिनाशी चाळा करत बसलो. साहेब फोनवरून काय चाललंय, काय चाललंय असं विचारत राहिले. वहिनी मंचाच्या पायांकडे बघत होती, बोटीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून.

आधी बुडबुडे आले. शिडीच्या बाजूच्या पायाभोवती पाणी उकळल्यासारखं झालं आणि कुजक्या गाळाचा वास पसरला. मामाचा हात तंबाखूवरच थांबला. मग तो पाय खाली गेला. मोठा आवाज झाला नाही. थकलेलं माणूस मटकन बसावं तसा मंचाचा तो कोपरा बसला आणि सगळा मंच तिकडे कलंडला. रचलेल्या नळ्या सुटल्या आणि एकीमागून एक पाण्यात गेल्या. जनरेटर घसरत आला, कठडा तोडून शिडीवर पडला आणि शिडीसकट दिसेनासा झाला. मग लाट आली, बोट जोरात हलली आणि सगळे एकमेकांवर आपटले.

शिडी होती तिथे नुसतं गढूळ पाणी होतं. दादा त्या पाण्याकडे बघत राहिला आणि त्याचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

टोळीतला एक जण रडायला लागला. त्याची बायको पोटुशी होती. तो वहिनीला म्हणाला, "मॅडम, तुमचे उपकार झाले."

"नका म्हणू तसं," ती म्हणाली.

साहेबांना दादाने काय झालं ते सांगितलं. पलीकडून साहेब म्हणाले, "माणसं वाचली ना? मग बाकीचं सगळं होईल. मॅडम, आपण असं लिहू, की यंत्रात बिघाड होता आणि तुम्ही तो वेळेवर पकडलात. तुमच्यावर काही येणार नाही."

मनातल्या मनात मी साहेबांना दुवा दिला. वाटलं, सुटली. नुसतं हो म्हणायचं होतं. बोटीतल्या कोणाची काही तक्रार नव्हती, सगळे तिच्याकडे देवाकडे बघावं तसे बघत होते.

"यंत्र चांगलं आहे, साहेब," वहिनी म्हणाली. "त्याने ऐकलं तेच काढलं. वाचताना मी चुकले. पाणी उतरलं नसतं तर मला आजही कळलं नसतं, आणि ही सगळी आत्ता वर असती. तसंच लिहा."

"मॅडम, जरा विचार करा. नोकरीचा प्रश्न आहे."

"केलाय विचार."

रडणारा गडी रडायचा थांबला. चार माणसं तिच्याकडे बघत होती आणि त्या बघण्यात आता उपकार नव्हते. मला तिची दया आली. दादा मान खाली घालून बसला होता. नवरा म्हणून बोलावं तर टोळीला काय वाटेल, मुकादम म्हणून बोलावं तर काय बोलावं.

मामाने तंबाखू पाण्यात टाकून दिली आणि फोनच्या दिशेने विचारलं, "साहेब, पुढच्या जागेचा नकाशा कोण काढणार?"

"बघू. दुसरं कोणीतरी आणावं लागेल."

"दुसरं कोणी नको," मामा म्हणाला. "ही बाई चुकली की सांगते. दुसऱ्याचं आम्हाला काय ठाऊक? वर आम्हाला उभं राहायचंय, साहेब. तुम्हाला नाही."

बाकीच्यांपैकी कोणी नाही म्हणालं नाही. साहेब म्हणाले, नंतर बोलू, आणि फोन ठेवला.

इतका वेळ दगडासारखी बसलेली वहिनी तेव्हा रडली. पदर नाही, रुमाल नाही, सरळ तळहातांनी तोंड झाकून, मोठ्याने. तिला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, दादानेही पाहिलं नसावं. तो उठला, माणसांच्या गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेला आणि सगळ्यांच्या देखत तिला चिकटून बसला. टोळीतलं कोणी तोंडाला रुमाल लावला नाही.

थोड्या वेळाने तिने तोंड पुसलं. आवाज अजून फुटलेला होता. "पाणी अजून उतरू दे. मग सगळ्या रेषा मी परत काढणार. तोवर तिकडे कोणी पाऊल टाकायचं नाही."

"बरं," दादा म्हणाला.